दोन टेपा आणि एक गोरिला

'द किंग ऑफ काँग' या माहितीपटातला सर्वांत गाजलेला प्रसंग दिग्दर्शक सेथ गॉर्डनने टिपलेलाच नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंड गावी, घराच्या गॅरेजमध्ये, स्टीव्ह वीबी 'डाँकी काँग' हा पिंपं फेकणाऱ्या गोरिलाचा व्हिडिओगेम खेळतोय. दहा लाख गुण टप्प्यात आलेत आणि नेमक्या त्याच वेळी घरातून पोराच्या हाका सुरू होतात: शी झालीय, खेळ थांबवा, पुसायला या! बाप जागचा हलत नाही. हे चित्रण वीबीच्याच कॅमेऱ्याचं. विक्रमाचा पुरावा म्हणून तो आपला खेळ टेप करून ठेवायचा. या टेपेतले गुण १०,०६,६००. पटकथाकाराला सुचला नसता असा प्रसंग गॉर्डनच्या हाती आयता आला.

वीबीची बोइंगमधली नोकरी गेली होती. पुढे तो शाळेत विज्ञान शिकवू लागला. त्याची गोष्ट निर्माता एड कनिंगहॅमपर्यंत पोचली ती मित्राच्या मित्राकडून. कनिंगहॅम हा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधून निवृत्त झालेला धिप्पाड गडी, नंतर टीव्हीवरचा समालोचक. गॉर्डनच्या चमूने तासन्‌तास चित्रण केलं, ते शेकड्यांत मोजावं इतकं. त्यातून पडद्यावर आली जेमतेम ऐंशी मिनिटं. खरा खेळ झाला तो संकलनाच्या टेबलावर.

चित्रपटात खलनायक ठरला फ्लोरिडाचा बिली मिचेल. मागे वळवलेले केस, गळ्यात अमेरिकेच्या झेंड्याचा टाय आणि स्वतःच्या नावाने विकला जाणारा नसला तरी स्वतःच्या घरचा झणझणीत सॉस. १९८२मध्ये त्याने ८,७४,३०० गुण केले, आणि तो विक्रम वीबी येईपर्यंत अभेद्य होता असं आपल्याला चित्रपटात दिसतं. प्रत्यक्षात २०००मध्ये टिम झर्बी या खेळाडूने ८,७९,२०० करून तो मोडलेला होता. पण दोघांच्या कुस्तीत तिसरा मल्ल कशाला? झर्बी कात्रीखाली गेला. ही लबाडी मला खटकते. आणि तरीही चित्रपट मी पुन्हा बघतो, कारण त्याची पकड याच लबाडीत आहे.

आता दुसरी टेप. वीबीचा गॅरेजमधला विक्रम नाकारला गेला होता. त्याच्या मशीनमधला बोर्ड मिचेलच्या एका जुन्या वैऱ्याकडून आलेला, म्हणून संशय. तेव्हा २००५मध्ये वीबी थेट न्यू हॅम्पशायरमधल्या 'फनस्पॉट'मध्ये गेला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ९,८५,६०० करून दाखवले. त्याच मुक्कामात मिचेलने पाठवलेली टेप तिथे लावली गेली: १०,४७,२००. ती घेऊन आल्या होत्या डॉरिस सेल्फ, 'क्यूबर्ट' खेळणाऱ्या, ऐंशीला टेकलेल्या आजी. मिचेल स्वतः आला नाही. चित्र खराब, मध्येच हलणारं. पण पंचांनी मान डोलावली. या पंचमंडळाचं नाव 'ट्विन गॅलॅक्सीज', आणि संस्थापक वॉल्टर डे. आयोवातल्या फेअरफिल्डचा हा गृहस्थ महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचा साधक! ध्यानाला बसणाऱ्या माणसाने गोरिलाच्या पिंपांचा हिशेब ठेवावा, ही गंमत गॉर्डनने सोडली नाही.

या खेळाला शेवट असतो, तोही अपघाती. बाविसाव्या पातळीवर वेळेचं गणित यंत्राच्या २५६च्या मर्यादेबाहेर जातं, खेळाडूला काही सेकंदच मिळतात आणि खेळातला नायक जंपमन (हाच पुढे मारिओ झाला) उभ्या जागी मरतो. त्यामुळे जास्त पातळ्या खेळून गुण वाढवता येत नाहीत. आहेत त्याच पातळ्यांमध्ये जीव धोक्यात घालून गुण पिळावे लागतात.

चित्रपटाच्या अखेरीस वीबी १०,४९,१०० करून जिंकलेला दिसतो. जानेवारी २००७मध्ये 'स्लॅमडान्स' महोत्सवात लोकांनी हा शेवट डोक्यावर घेतला. ऑगस्टमध्ये चित्रपट थिएटरांत लागला तेव्हा तो शेवट शिळा झालेला होता. जुलैमध्येच मिचेलच्या नावावर १०,५०,२०० लागले, तेही ऑर्लँडोत, गृहकर्जाच्या दलालांच्या अधिवेशनात! असं स्थळ कुठल्या दिग्दर्शकाने निवडलं असतं?

पण चित्रपटाच्या पोटातला किस्सा अकरा वर्षांनी बाहेर आला. २०१८मध्ये जाणकारांनी मिचेलच्या टेपा फ्रेम-फ्रेमने तपासल्या. नवी पातळी सुरू होताना अस्सल मशीनवर गर्डर ज्या रीतीने उमटत जातात, तसे ते या टेपांमध्ये उमटत नव्हते. संगणकावरच्या नकली आवृत्तीत उमटतात तसे दिसत होते. डॉरिसआजींनी आणलेली टेप त्यांपैकीच एक. गॉर्डनने चित्रपटात ती खलनायकाचा हुकमाचा पत्ता म्हणून वापरली होती, आणि संशयाची जागा कितीतरी प्रेक्षकांनी पाहिलेल्या चित्रफितीतच पडून होती. 'ट्विन गॅलॅक्सीज'ने मिचेलचे सगळे गुण रद्द केले, आणि दहा लाखांचा पहिला मानकरी म्हणून वीबीचं नाव लावलं.

मिचेलने आरोप फेटाळले आणि तो कोर्टात गेला. 'गिनेस'ने २०२०मध्ये त्याचे विक्रम परत दिले. 'ट्विन गॅलॅक्सीज'शी तडजोड झाली २०२४च्या जानेवारीत. त्याचे गुण जुन्या नोंदींच्या संग्रहात पुन्हा दिसू लागले. तोवर अव्वल क्रमांक दोघांच्याही हातून केव्हाच निसटला होता. २०१०मध्येच न्यूयॉर्कचा एक प्लास्टिक सर्जन, हँक चिएन, दोघांच्याही पुढे निघून गेला होता.