विद्यार्थी आणि संशोधन

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात विद्यार्थी असलेल्या बाबासाहेबांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. जातीतल्या जातीत विवाह हेच जातिसंस्थेचे मर्म, असे त्यांनी मांडले. १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. वय अवघे २५!

आणि आमची मुले? प्रकल्पवहीत तयार चित्रे चिकटवतात. ती आम्ही पालकच आणून देतो. त्यापेक्षा वस्तीत नळाला पाणी किती वेळ येते, किती मुलींची शाळा दहावीआधी सुटली व का, हे त्यांनी घरोघर विचारून लिहावे, पुन्हा पडताळावे. आजवर आपल्याविषयी इतरांनीच फार लिहिले.

धम्म 'एहिपस्सिको' आहे. या आणि स्वतः पाहा, असे सांगणारा. आपल्या मुलांना पाहू द्या.