गिझर बिघडला? नवा आणण्याआधी घरातलं अर्थिंग बघून घ्या

डिसेंबर लागला की नेरळ, कर्जत, चौक, खोपोली या पट्ट्यात पहाटेच्या पाण्याला हात लावायला नको वाटतं. घरातले बुजुर्ग फजरच्या वजूसाठी उठतात, मुलांना सकाळची शाळा असते, कुणाला मुंबईची लोकल पकडायची असते. नेमका तेव्हाच गिझर दगा देतो. रमजानही आता दरवर्षी थंडीकडे सरकतोय. 2028 चा रमजान जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल, म्हणजे सहरीच्या वेळी घरोघरी गरम पाणी लागणार.

गिझर बंद पडला की बहुतेक घरांत पहिली गोष्ट होते ती म्हणजे माळ्यावरचा रॉड खाली येतो. खरा धोका इथूनच सुरू होतो. बादली ओल्या फरशीवर, पिन बोर्डात, आणि झोपेत कुणीतरी पाणी तापलं का ते बोट बुडवून बघतं. रॉड वापरावाच लागला तर प्लॅस्टिकची बादली घ्या, मुलांना लांब ठेवा, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलच्या तारेवर बसवलेलं असतं, मग बटण बंद असूनही रॉडमध्ये करंट राहतो.

आता गिझरकडे वळू. आत फार काही नसतं. पाण्याची टाकी, पाणी तापवणारी कॉइल, ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा थर्मोस्टॅट आणि तो फेल झाला तर वीज तोडणारा कटआउट. बाहेर थंड पाण्याच्या पाइपवर एक छोटा सेफ्टी वॉल्व्ह असतो. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडीही असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजण्यापासून वाचवते. दहावीच्या मुलांना धातूंची अभिक्रियाशीलता शिकवताना मी हेच उदाहरण देते, कारण ते प्रत्येकाच्या बाथरूममध्ये टांगलेलं असतं.

दिवाच लागत नसेल तर आधी मेन बोर्डावरचा एमसीबी बघा, मग बाथरूमबाहेरचं बटण आणि सॉकेट. सॉकेट काळं पडलं असेल किंवा जळका वास येत असेल तर पिन पुन्हा लावून बघण्याचा मोह टाळा. 2000 वॅटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर करंट खेचतो. साध्या लहान प्लगवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर तो चालवायचाच नाही. त्याला 16 अँपिअरचं सॉकेट आणि निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर हवी. सॉकेटपर्यंत वीज येतेय आणि तरी दिवा नाही, तर बहुधा कटआउट उडालेला असतो. मिस्त्री तो दाबून परत चालू करतो. पण दोन दिवसांत पुन्हा उडाला तर दोष कटआउटचा नाही. थर्मोस्टॅट तरी चिकटलाय किंवा कॉइलवर क्षार साचलेत. काही मिस्त्री अशा वेळी कटआउट काढून तारा थेट जोडून देतात. पाणी मस्त तापतं, तुम्ही खूश होता, पण पाणी उकळून टाकीत वाफ धरली तर ती थांबवणारं आत काहीच उरत नाही. असं काम कुणी केलं असेल तर तो गिझर बंद ठेवा.

दिवा लागतोय आणि पाणी थंडच, तर कॉइल गेली असं समजायला हरकत नाही. मीटर लावला की नक्की कळतं. 2000 वॅटच्या चांगल्या कॉइलचा रोध साधारण 26 ओहम येतो. तुटलेल्या कॉइलला मीटर काहीच दाखवत नाही. कॉइल, थर्मोस्टॅट, रबरी वायसर हे सगळं बदलता येतं. त्यासाठी नवा गिझर घ्यायची गरज नाही.

पाणी तापतं पण फार वेळ लागतो, ही तक्रार गावाकडे जास्त. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर पांढरा थर चढतो, हे एक कारण. दुसऱ्या कारणाकडे कुणी बघत नाही. ते म्हणजे व्होल्टेज. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 वर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो, आणि 230 व्होल्टला 2000 वॅटचा गिझर ते काम 16 मिनिटांत करतो. फीडरच्या टोकाच्या वाडीवर संध्याकाळी व्होल्टेज 180 वर आलं, तर तोच गिझर जेमतेम 1200 वॅटचं काम करतो आणि 26 मिनिटं घेतो. गिझर बदलून यात काही फरक पडणार नाही. महावितरणकडे 1912 वर तक्रार नोंदवा. शेजारच्या दोन-चार घरांनीही नोंदवली तर बरं.

गळतीचं म्हणाल तर कुठून गळतंय ते बघा. पाणी तापताना सेफ्टी वॉल्व्हमधून चार थेंब पडणं बरोबर आहे. तापलेलं पाणी फुगतं, ते कुठेतरी जायला हवं. हे थेंब त्रासदायक वाटतात म्हणून वॉल्व्हच्या तोंडाला बूच मारलेलं पाहायला मिळतं. हात जोडून सांगते, असं करू नका, टाकी फुटू शकते. धार लागली असेल तर वॉल्व्ह बदला. आणि टाकीच्याच अंगातून पाणी झिरपत असेल तर मात्र दुरुस्ती विसरा, गिझर बदलायची वेळ झाली.

या सगळ्यापेक्षा गंभीर एकच लक्षण आहे. नळाला किंवा शॉवरला हात लावल्यावर झिणझिण्या येणं. "थोडासाच करंट लागतो" म्हणत लोक महिना महिना चप्पल घालून अंघोळ करतात. मेन स्विच बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो गिझर वापरू नका. आतल्या कॉइलचं आवरण फाटलेलं असतं आणि वीज पाण्यात उतरते. अर्थिंग चांगलं असेल तर ही वीज जमिनीत जाते. नसेल तर वाट तुमच्या अंगातून.

आपल्याकडे अर्थिंगची अवस्था काय असते? सॉकेटला तीन भोकं असतात, त्यातल्या मोठ्या भोकाला जोडलेली हिरवी वायर बऱ्याच घरांत भिंतीतच संपते. पूर्वी ती नळाच्या लोखंडी पाइपला बांधत. आता पाइप प्लॅस्टिकचे झाले, त्यातून वीज जमिनीत जात नाही. काही ठिकाणी तर सॉकेटच्या आत अर्थ आणि न्यूट्रल एकमेकांना जोडून ठेवतात. टेस्टरला सगळं ठीक दिसतं. पण वादळात फांदी पडून बाहेरची न्यूट्रलची तार तुटली, तर गिझरच्या पत्र्यापासून नळापर्यंत सगळीकडे करंट येऊ शकतो. मिस्त्रीला हा प्रश्न सरळ विचारा: "माझी अर्थची वायर कुठे जाते, मला दाखवा." घराबाहेर जमिनीत पुरलेल्या पाइपपर्यंत किंवा रॉडपर्यंत ती दिसली पाहिजे. आपली जमीन मुरमाची आणि काळ्या कातळाची. पावसाळ्यात ती ओली असते, पण मार्च-एप्रिलमध्ये सुकून दगड होते आणि अर्थिंग कमजोर पडतं. म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ भरतात आणि उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओततात.

दुसरं संरक्षण म्हणजे आरसीसीबी. एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित, हा गैरसमज फार पसरलेला आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. 16 अँपिअरचा एमसीबी पडायला त्याहून जास्त करंट लागतो. माणसाचा जीव मात्र काही मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागांत, जाऊ शकतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढी गळती ओळखून क्षणात वीज तोडतो. अर्थिंग असेल तर गिझर बिघडताच तो पडतो. अर्थिंग नसेल तर कुणी नळाला हात लावेपर्यंत वाट बघतो. म्हणून दोन्ही हवेत. त्यावरचं टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, वीज गेली पाहिजे. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकायला सांगणारा मिस्त्री बदला.

हेच मशिदीच्या वजूखान्यालाही लागू आहे, किंबहुना जास्तच. तिथे ओल्या फरशीवर अनवाणी माणसं एका रांगेत बसलेली असतात. थंडी सुरू होण्याआधी जमातीने परवानाधारक वायरमनकडून एकदा तपासणी करून घ्यावी. खर्च गालिच्यापेक्षा कमीच येईल.

नवा घ्यायचाच असेल तर आयएसआय मार्क बघा. साठवणीच्या गिझरचं मानक आयएस 2082 आहे, आणि लेबलवरचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अॅपवर खरा-खोटा तपासता येतो. बोअरचं पाणी असेल तर काचेचा मुलामा असलेली टाकी घ्या आणि मॅग्नेशियमची कांडी दर वर्षी-दोन वर्षांनी बघायला सांगा. विजेला कंटाळून गॅस गिझरकडे वळणारे बरेच आहेत. बंद बाथरूममध्ये तो लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. मार्च 2023 मध्ये घाटकोपरला होळी खेळून आलेलं जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं, तेव्हा गॅस गिझरचाच संशय होता. लावायचाच तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत.

जुना उतरवताना एमसीबी बंद, पिन बाहेर, पाण्याचा कॉक बंद, आणि आतलं पाणी थंड होऊ द्यायचं. 15 लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचंच वजन 15 किलो असतं, त्यामुळे स्टुलावर एकट्याने चढू नये. नवीन इमारतींच्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे खिळे-स्क्रू धरत नाहीत, योग्य फास्टनर मागून घ्या. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप वापरा, साधा पीव्हीसी मऊ पडतो. आणि बसवल्यावर लगेच बटण दाबायची घाई नको. गरम पाण्याचा नळ उघडा, त्यातून सलग धार येऊ द्या, म्हणजे टाकी भरली हे कळेल. कोरड्या टाकीत कॉइल पहिल्याच दिवशी जळते. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कार्डावर दुकानदाराकडून तारीख-शिक्का करून घ्या. कंपनी पुढे टाळाटाळ करू लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करताना हेच कागद लागतात.