गाडी कधी बंद पडते, ते लिहून ठेवा

धामणगाव बढे येथे ज्या घरांपुढे मोटार उभी दिसते, त्यांतल्या बऱ्याच मोटारी सेकंडहँड घेतलेल्या आणि पंधरा-वीस वर्षे चाललेल्या आहेत. अब्बांचे डोळे तपासायला बुलढाण्याला जायचे, मुंबईहून येणाऱ्या भाईजानला मलकापूर स्टेशनवरून आणायचे, ईदला बहिणीच्या सासरी जायचे, ही सगळी कामे तीच गाडी करते. गाडी एकदाची साफ बिघडली तर बरे, कारण मग ती दुरुस्त तरी होते. खरा त्रास देते ती अधूनमधून बंद पडणारी गाडी. आठवडाभर सुरळीत चालते, एक दिवस राजूर घाटात आचके देऊन थांबते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. गॅरेजमध्ये नेली की शहाण्या मुलासारखी चालते. मिस्त्री म्हणतो, "गाडी तर ओके आहे."

यात मिस्त्रीचा दोष नसतो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ताप उतरलेला असावा, तसे हे आहे. अशा वेळी चांगला डॉक्टर विचारतो की ताप रोज येतो की दिवसाआड, संध्याकाळी येतो की पहाटे, थंडी वाजून येतो का. उत्तरे देणारे घरातलेच लोक असतात. गाडीचेही तसेच आहे. बिघाड होतो तेव्हा गाडीत आपण असतो, मिस्त्री नसतो. म्हणून अशा बिघाडाचा शोध गॅरेजमध्ये नव्हे, घरातच सुरू होतो, आणि त्याचे पहिले हत्यार पाना नसून वही आहे.

अंदाजाने पार्ट बदलू नका

बिघाड समोर दिसत नसला की अंदाज सुरू होतात. एक जण प्लग बदलायला सांगतो, दुसरा कॉइल, तिसरा पेट्रोलचा पंप. प्रत्येक वेळी पैसे जातात आणि गाडी दहा दिवस नीट चालली की वाटते, रोग गेला. पण अधूनमधून होणारा बिघाड दहा दिवस आपोआपही गप्प बसतो. त्यामुळे नवा पार्ट बसवल्यावर गाडी नीट चालली, एवढ्यावरून तोच पार्ट खराब होता असे ठरत नाही. दोन-तीन पार्ट एकदम बदलले तर नेमके कशाने बरे वाटले, हेही कळत नाही. नियम साधा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीही तपासून, आणि काढलेला जुना पार्ट जपून ठेवावा.

वहीत काय लिहावे

गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही आणि पेन ठेवा. गाडी जो कोणी चालवतो, भाऊ असो, मुलगा असो की सूनबाई, त्याने बिघाड होताच चार ओळी लिहाव्यात. तारीख आणि वेळ. इंजिन थंड होते की तापलेले. गाडी किती वेळ चालून किंवा उभी राहून निघाली होती. चढ, उतार, सपाटी की खड्डा. पाऊस होता का. टाकीत पेट्रोल किती होते. एसी, दिवे, वायपर यांपैकी काय चालू होते. इंजिन एकदम बंद झाले की आधी आचके दिले. डॅशबोर्डवर कोणता दिवा लागला. आणि पुन्हा सुरू कशी झाली: लगेच, धक्का मारून की थंड झाल्यावर.

याबरोबर दोन गोष्टी तिथल्या तिथे पाहता येतात. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून किंवा टाकीच्या बाजूने पंपाचा एक-दोन सेकंद घूं असा आवाज येतो का, ते ऐका. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत हा आवाज बहुधा नसतो, इंजेक्शनच्या गाड्यांत असतो. मग सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो का, ते पाहा. पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी. यांतली कोणती त्या क्षणी हरवली, हे कळले की शोध निम्म्यावर येतो.

सात नोंदींनी सांगितलेले

आमच्या घरची पेट्रोल गाडी वीस वर्षांची. ती बंद पडू लागली तेव्हा एका ठिकाणी पंप बदलायला सांगितले, दुसरीकडे कॉइल. आम्ही दोन्ही थांबवून नोंदी ठेवल्या. दीड महिन्यात सात झाल्या. त्यांतल्या सहांमध्ये एकच गोष्ट होती: गाडी तापलेली असताना दहा-पंधरा मिनिटे कुठेतरी उभी राहिली होती आणि तिथून निघाल्यावर थोड्याच वेळात बंद पडली होती. पाऊस, खड्डा, पेट्रोलची पातळी यांचा काही मेळ नव्हता.

इंजिन बंद केल्यावर पाणी आणि पंखा थांबतो, पण इंजिनाची धग लगेच जात नाही. बॉनेटखालचे काही भाग चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीत जास्त तापतात. मिस्त्रीने वही वाचली आणि तेच मुद्दाम घडवून आणले. गाडी फिरवून तापवली, बॉनेट बंद ठेवून पंधरा मिनिटे उभी केली आणि पुन्हा काढली. गाडी बंद पडली. पंपाचा आवाज येत होता, पण सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नव्हता आणि ठिणगीही नव्हती. इंजिनाचा दांडा फिरतो आहे, ही खबर कॉम्प्युटरला देणारा एक लहानसा क्रँक सेन्सर असतो. खबर आली नाही तर कॉम्प्युटर ठिणगीचा हुकूमच देत नाही. मिस्त्रीने आधी त्याची वायर आणि जोड तपासला. मग सेन्सरला ओले फडके लावून थंड केले, आणि गाडी सुरू झाली. अशा रीतीने एकच पार्ट बदलावा लागला. त्यानंतर सहा महिने वहीचे पान कोरे आहे, अलहमदुलिल्लाह.

खुणा ओळखा

प्रत्येक गाडीचा रोग हाच असेल असे नाही. नोंदी वाचताना पुढच्या खुणा लक्षात ठेवाव्यात.

तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू, असे असेल तर सेन्सर, इग्निशन कॉइल किंवा रिलेच्या आतला सुटलेला टाका यांचा संशय घ्यावा. कार्ब्युरेटरच्या गाडीत मे महिन्याच्या उन्हात नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊनही असे होते.

पावसाळ्यात किंवा दवाच्या सकाळी मिसिंग मारते आणि ऊन पडल्यावर सुधारते, तेव्हा प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी पाहावी. बारीक तडीत ओल शिरली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता बाहेरच निसटते.

सपाटीवर ठीक, पण चढावर किंवा वेगात दम तोडते, तेव्हा पेट्रोल पुरत नसते. फिल्टर चोंदलेला, पंप थकलेला किंवा टाकीत गंज आणि घाण असू शकते. टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा मोठा आवाज येऊन गाडी सुधारली, तर हवेची वाट बंद झाली आहे. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही. म्हणून जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या आणि फिल्टर वेळोवेळी तपासावेत, आणि महिनोन्महिने उभ्या गाडीत जुने पेट्रोल ठेवू नये.

खड्ड्यात आदळली की बंद पडते आणि दिवेही मंदावतात, तेव्हा आधी बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा खार आणि इंजिनाची अर्थिंगची जाड वायर पाहा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि जवळजवळ फुकट आहे. म्हणून ती सर्वांत आधी करावी. घरात कापूस, मका साठवल्याच्या दिवसांत बॉनेटखाली उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हेही पाहावे.

गाडी २०१३ नंतरची असेल तर बहुधा तिला स्कॅनर लावता येतो. बिघाडाचा कोड नोंदला गेला असेल तर त्या क्षणाचा वेग, आरपीएम आणि तापमान हेही पुष्कळदा त्यासोबत साठवलेले असते. म्हणून स्कॅनर लावण्यापूर्वी बॅटरीची वायर काढू नका. तसे केल्याने ही नोंद पुसली जाऊ शकते.

लहान बिघाड, मोठी किंमत

"कधीतरीच बंद पडते, चालायचेच" असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतले एक प्रकरण लक्षात ठेवावे. जनरल मोटर्स कंपनीच्या काही मोटारींत चावीचे स्विच सैल होते. जड जुडग्याने किंवा धक्क्याने चावी ऑनवरून मागे सरके आणि चालत्या गाडीचे इंजिन बंद होई. स्टिअरिंग जड होई आणि अपघातात एअरबॅगही उघडत नसे. तक्रारी वर्षानुवर्षे येत होत्या. एका खटल्यासाठी काम करणाऱ्या अभियंत्याने जुने स्विच आणि विकत आणलेले नवे स्विच शेजारी ठेवून ताडून पाहिले. पार्ट नंबर एकच होता, पण आतली रचना गुपचूप बदललेली होती. २०१४ मध्ये कंपनीला सुमारे २६ लाख मोटारी परत बोलवाव्या लागल्या. पुढे भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

आपल्याकडेही कंपन्या असे पार्ट मोफत बदलून देतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने भारतातल्या ९० हजारांहून अधिक जुन्या मोटारींचे पेट्रोल पंप बदलून देण्याचे जाहीर केले. त्या पंपांमुळे इंजिन बंद पडण्याचा धोका होता. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला अशी खबर सहसा मिळत नाही. म्हणून आरसी बुकावरचा चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरवर किंवा कंपनीच्या वेबसाइटवर एकदा चौकशी करावी.

घाटात बंद पडली तर

घाबरू नका. चारही इंडिकेटर लावा. इंजिन बंद झाले तरी ब्रेक लागतो. पहिल्या एक-दोन दाबांपुरती मदत शिल्लक असते, नंतर पेडल दगडासारखे घट्ट होते. म्हणून ब्रेक वारंवार न सोडता एकदाच दाबून धरा. स्टिअरिंग जड झाले तरी दोन्ही हातांनी वळते. गाडी चालती असताना चावी पूर्ण काढू नका, स्टिअरिंगला कुलूप लागते. बाजूला थांबल्यावर हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे दगड लावा. अम्मी आणि मुलांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर, दरडीपासून सांभाळून उभे करा. पेट्रोल वाचवण्यासाठी काही जण मुद्दाम इंजिन बंद करून घाट उतरतात, तेही याच कारणाने टाळावे.

विकताना काय सांगाल?

शेवटचा प्रश्न इमानाचा आहे. अशी गाडी विकणे फार सोपे असते, कारण गिऱ्हाईक दहा मिनिटे फिरवून पाहते आणि त्या दहा मिनिटांत ती हमखास नीट चालते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल पाहिली आणि ती वर का ठेवली नाही असे विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपल्या घरांतून मुलांनाही सांगितली जाते. अधूनमधून बंद पडणारे इंजिन म्हणजे राशीच्या आतले ओले धान्यच. घेणाराही कुणाला तरी दवाखान्यात नेणार असतो, त्याच घाटातून.

म्हणून गाडी विकताना आरसी आणि विम्याच्या कागदांबरोबर ती वहीही द्या. किंमत थोडी कमी येईल. पण घेणाऱ्याला रोग शोधायला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही, आणि आपल्यालाही त्याच्यासमोरून जाताना मान खाली घालावी लागणार नाही.