लाल सिलिंडर जुने झाल्यावर

शाळेत भिंतीला टांगलेले लाल सिलिंडर बहुधा कोरड्या भुकटीचे असते. आग लागल्यावर ते कसे वापरायचे, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. ते जुने झाल्यावर काय करायचे, याचा विचार सहसा होत नाही, आणि अधिक धोका तेथेच आहे.

आत काय असते ते आधी पाहू. ‘बीसी’ प्रकारात बहुधा सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा असतो. ‘एबीसी’ प्रकारात मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट असते. ते आगीत वितळून लाकूड-कागदावर काचेसारखा थर धरते. दोन्ही पदार्थ विषारी म्हणावेत असे नाहीत. मात्र भुकटी अतिशय बारीक असल्याने बंद खोलीत डोळे चुरचुरतात, दमेकऱ्यांना त्रास होतो. शिवाय फॉस्फेटची भुकटी दमट हवेत आम्लधर्मी होऊन धातू खाते. संगणकावर पडली असेल तर ती त्याच दिवशी, कोरडीच काढावी.

भुकटीपेक्षा चिंता दाबाची. अनेक सिलिंडरांत नायट्रोजन भरलेला असतो. त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५ किलोग्रॅम. बुडाचा व्यास १६ सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे बुडावर ३ टनांचा जोर! ओल्या फरशीवर वर्षानुवर्षे ठेवलेल्या सिलिंडराचे नेमके हेच बूड गंजते. काटा शून्यावर दिसला म्हणून सिलिंडर रिकामे समजू नये. काटा अडकलेला असू शकतो, नळी भुकटीने तुंबलेली असू शकते. असे सिलिंडर भंगारात गेले आणि तेथे कोणी छिन्नी लावली, तर काय होईल हे सांगायला नको.

दुसरा धोका पुनर्भरणाचा. एका प्रकारचे सिलिंडर नीट साफ न करता त्यात दुसरी भुकटी भरली, तर आम्लधर्मी फॉस्फेट आणि सोडा एकत्र येतात. थोडा ओलावा मिळताच कार्बन डायॉक्साइड सुटू लागतो. या क्रियेत पाणीही तयार होते आणि तेच पाणी क्रिया पुढे चालू ठेवते. बंद भांड्यात दाब वाढत जाऊन ते फुटू शकते. मागे उरतो तो सोडियम अमोनियम हायड्रोजन फॉस्फेट, म्हणजे मणी-परीक्षेसाठी आपण वापरत असू ते मायक्रोकॉस्मिक सॉल्ट. वर्गात दाखवायचे असेल तर द्राक्षबागांना देतात ते १२:६१:०० खत चिमूटभर घ्या, तेवढाच सोडा मिसळा आणि उघड्या बशीत पाण्याचे चार थेंब टाका. फसफस लगेच दिसते. झाकणाची बाटली मात्र मुळीच वापरू नका.

या खतातही मोनोअमोनियम फॉस्फेटच असते. मग जुनी भुकटी झाडांना का घालू नये, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. ओल धरू नये म्हणून तिच्या कणांवर सिलिकोनचा लेप असतो, शिवाय इतर पदार्थही मिसळलेले असतात. कारखान्यात प्रक्रिया करून तिचे खत करता येते. शाळेच्या बागेत तो प्रयोग नको. ओढ्यात किंवा विहिरीत तर ती टाकूच नये. फॉस्फेटवर शेवाळ आणि जलपर्णी माजते.

आम्ही सुचवू ते असे. मुदत संपलेले सिलिंडर न उघडता अधिकृत पुनर्भरण करणाऱ्याकडे द्यावे. तो दाब सोडतो, भुकटी वेगळी काढतो आणि निकामी सिलिंडराला भोक पाडतो, म्हणजे ते रंगवून पुन्हा कोणाला विकता येत नाही. भोक पाडलेले पाहूनच नोंदवहीतून ते वजा करावे. सांडलेली भुकटी जाड पिशवीत बांधून त्याच्याकडेच द्यावी. दोन प्रकारच्या भुकट्या एका पिशवीत भरू नयेत.