एकाकी चुंबकध्रुवाचा शोध आणि त्याच्या उपयोगाची स्वप्ने

१४ फेब्रुवारी १९८२, रविवार. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत त्या दुपारी कोणीही नव्हते. ब्लास काब्रेरा यांनी मांडलेले उपकरण मात्र चालू होते. अतिसंवाहक तारेच्या एका छोट्या वेटोळ्यातील प्रवाह अचानक बदलला आणि तो बदललेलाच राहिला. अशा वेटोळ्यातून साधा चुंबक गेला, तर प्रवाह क्षणभर बदलून पूर्ववत होतो. उत्तर ध्रुवाने केलेला परिणाम मागोमाग येणारा दक्षिण ध्रुव पुसून टाकतो. कायमचा बदल घडवू शकतो तो जोडीदाराविना असलेला एकटा ध्रुवच. शिवाय नोंदला गेलेला बदल सिद्धांताने सांगितला होता तेवढाच होता. पुढे अधिक मोठी वेटोळी उभारली गेली, परंतु तशी घटना पुन्हा आढळली नाही. काब्रेरा यांनीही शोध लागल्याचा दावा केला नाही.

असा एकटा ध्रुव व्यवहारात का मिळत नाही, हे शाळेतील प्रयोगातही दिसते. पट्टीचुंबकाचे दोन तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव येतात. चुंबकत्व टोकांना साठवलेले नसते. त्यातील अणूच मुळात चिमुकले चुंबक असतात. तरीही १९३१ मध्ये पॉल डिरॅक यांनी दाखवून दिले की, विश्वात एक जरी चुंबकीय एकध्रुव असेल, तर विद्युतभार नेहमी ठरावीक एककाच्याच पटीत का आढळतो, या कोड्याचा उलगडा होतो. त्यांच्या गणितानुसार दोन एकध्रुवांमधील बल तेवढ्याच अंतरावरील दोन इलेक्ट्रॉनांमधील बलाच्या सुमारे ४,७०० पट भरते.

१९७४ मध्ये गेरार्ड ट होफ्ट आणि अलेक्झांडर पोल्याकोव्ह यांनी स्वतंत्रपणे असे दाखवले की, मूलभूत बलांना एकत्र आणू पाहणाऱ्या सिद्धांतांतून एकध्रुव आपोआप निष्पन्न होतात. अडचण वस्तुमानाची. हा एकच कण जिवाणूपेक्षाही जड असावा लागतो, आणि तो घडवण्याची ऊर्जा पृथ्वीवरील कोणत्याही त्वरकाच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून विश्वाच्या आरंभापासून भटकत असलेल्या एकध्रुवांची वाट पाहणे हाच मार्ग उरतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर प्रोटॉनच्या ऱ्हासाचा शोध घेतला; त्याच यंत्रणेतून एकध्रुवांचाही मागोवा घेण्यात आला. इटलीतील ग्रान सासो पर्वताखालीही तसाच शोध झाला. हाती काही लागले नाही. मात्र असे कण किती विरळ असले पाहिजेत, याची मर्यादा त्यातून निश्चित झाली.

वृत्तपत्रांत अधूनमधून 'एकध्रुव सापडला' असे मथळे येतात, त्यांचा संबंध बहुधा वेगळ्याच गोष्टीशी असतो. डिस्प्रोसियम टायटनेटसारख्या स्फटिकात निरपेक्ष शून्याच्या निकट तापमानाला अणुचुंबकांची दिशा विशिष्ट नियमाने ठरते: प्रत्येक चौघांच्या गटातील दोन आत वळलेले, दोन बाहेर. एखादा उलटला की नियम शेजारच्या दोन्ही गटांत मोडतो, आणि ही दोन मोडलेली स्थाने पुढे एकमेकांपासून दूर सरकत सुट्या ध्रुवांप्रमाणे वागतात. २००९ मध्ये प्रयोगांनी याला दुजोरा दिला. पण हे एकध्रुव स्फटिकाबाहेर काढता येत नाहीत. ते डिरॅक यांचे कण नव्हेत, आणि हा भेद विसरून वाचलेली बातमी दिशाभूल करते.

उपयोगाच्या चर्चेतही हाच गोंधळ दिसतो. खरा जड एकध्रुव मिळाला, तर तो प्रोटॉनचा ऱ्हास झपाट्याने घडवून आणील आणि पदार्थाचे जवळजवळ संपूर्ण वस्तुमान ऊर्जेत बदलता येईल, असे कागदावर म्हणता येते. मात्र हातात एकही कण नसताना त्याला तंत्रज्ञान म्हणणे धाडसाचे ठरेल. स्फटिकातील एकध्रुवांचे भवितव्य त्यापेक्षा नम्र, पण अधिक विश्वासार्ह आहे. नॅनोमीटरच्या मापाच्या चुंबकपट्ट्यांची जाळी कोरून संशोधकांनी त्यांचे कृत्रिम रूप घडवले असून, तेथे सामान्य तापमानालाही ही हालचाल पाहता आली आहे. कमी विजेवर माहिती साठवणाऱ्या स्मृती आणि मेंदूच्या धर्तीवर गणन करणारी साधने यांसाठी अशा जाळ्यांचा अभ्यास सुरू आहे. हव्या त्या क्षणी हव्या त्याच पट्टीची दिशा कशी उलटवायची, हा त्यातील मोठा प्रश्न आहे.