व्यवहारनिश्चिती, माहितीभरणातील

संगणकीय माहितीसंचयात एकत्रितपणेच करावयाच्या बदलांच्या गटास ‘व्यवहार’ म्हणतात. तो कायम करण्याच्या क्रियेस निश्चिती किंवा प्रचारात ‘कमिट’, तर समूळ मागे घेण्याच्या क्रियेस ‘रोलबॅक’ अशी संज्ञा आहे. व्यवहार सर्वस्वी घडतो अथवा मुळीच घडत नाही. या व अन्य तीन गुणधर्मांना हेर्डर व रॉयटर या जर्मन संगणकशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये ‘ॲसिड’ हे आद्याक्षरी नाव दिले.

बाहेरील फाइलमधून लक्षावधी नोंदी भरताना निश्चिती केव्हा करावी, हा कळीचा प्रश्न असतो. प्रत्येक निश्चितीच्या वेळी बदलांची रोजनोंद चकतीवर उतरल्याची खात्री करून घ्यावी लागते. ती प्रत्येक ओळीनंतर केल्यास भरणा अत्यंत मंदावतो. सर्व भरणा एकाच व्यवहारात केल्यास नोंदी दीर्घकाळ कुलूपबंद राहू शकतात आणि शेवटच्या ओळीतील दोषानेही सारे श्रम वाया जातात. पोस्टग्रेएसक्यूएलमधील ‘कॉपी’ ही आज्ञा सामान्यतः याच रीतीने चालते. फसलेल्या भरण्याने अडविलेली जागा मागाहून ‘व्हॅक्यूम’ आज्ञेने मोकळी करावी लागते. म्हणून काही हजार ओळींच्या तुकडीगणिक निश्चिती करण्याची पद्धत रूढ झाली.

परंतु तुकडीची सीमा केवळ ओळींच्या संख्येने ठरविणे धोक्याचे असते. सिडकोच्या स्थापनेनंतर (1970) नवी मुंबईसाठी ज्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या, त्यांत करावे हे एक होय. अशा गावाच्या अभिलेखात फेरफार (गाव नमुना 6), सातबारा व खातेनिहाय 8-अ हे परस्परांशी बांधलेले असतात. भरण्याच्या ओघात मयत खातेदाराचे नाव कमी होऊन निश्चिती झाली आणि वारसांची नावे लागण्यापूर्वीच वीज गेली, तर संचयात उरते ती धारक नसलेली जमीन. यंत्राच्या दृष्टीने तेथे काहीही चुकलेले नसते. मात्र साडेबारा टक्के योजनेतील भूखंडाचा हक्क संपादित क्षेत्रावर व वारसाच्या नोंदीवर अवलंबून असल्याने कुटुंबास कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात.

यासाठी एका फेरफाराच्या सर्व ओळी एकाच व्यवहारात ठेवतात. मूळ माहिती प्रथम तात्पुरत्या तक्त्यात घेऊन ओळींची संख्या व क्षेत्राची बेरीज मूळ कागदाशी ताडून पाहतात. कोठवर भरणा झाला याची खूणही त्या तुकडीच्याच व्यवहारात लिहितात; ती वेगळी लिहिल्यास खंडानंतर काही ओळी दुबार भरल्या जातात किंवा गळतात.