जुन्या स्प्रिंग रायफलीची घरगुती डागडुजी

स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल हा मुळात एक पंप असतो. पोलादी सिलिंडर, त्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या, दट्ट्याच्या पोटात जाड तारेची स्प्रिंग आणि त्याच्या तोंडाला चामड्याचा किंवा प्लॅस्टिकचा वॉशर, एवढाच तिचा संसार. रायफल मधून मोडून बॅरल खाली ओढली की जोडदांडा दट्ट्याला मागे रेटतो, स्प्रिंग दबते आणि दट्ट्या खटक्यात अडकतो. ट्रिगर ओढला की तो सुटून पुढे झेपावतो. समोरची हवा सेकंदाच्या काही सहस्रांशांत दाबली जाते, तापते आणि बारीक भोकातून बॅरलमध्ये घुसून छऱ्याला ढकलते. रॉकेलच्या स्टोव्हचा पंप उघडून ज्याने वाळका वॉशर तेलात भिजवला आहे, त्याची कड बोटाने फुलवून तो परत बसवला आहे, त्याला या कामातले निम्मे आधीच येते.

स्प्रिंगच्या ज्या रायफलींना आज अभिजात म्हटले जाते त्या बहुतेक विसाव्या शतकाच्या मधल्या काळातल्या आहेत. जर्मनीत रास्टाट येथे १८९० मध्ये सुरू झालेल्या कारखान्याच्या डायना २७ आणि ३५, इंग्लंडची १९४८ ची बीएसए एअरस्पोर्टर, वायराउखची एचडब्ल्यू ३५ ही त्यांतली ठळक नावे. भारतीय घरांत मात्र जी सापडते ती बहुधा ‘नॅशनल’. वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये स्थापन केलेली मुंबईची इंडियन ह्यूम पाइप कंपनी सिमेंटच्या नळांसाठी प्रसिद्ध; तिनेच या नावाने एअर रायफली काढल्या. तिची ३५ क्रमांकाची रायफल डायना ३५ च्या बेतावर बांधलेली आहे. जत्रेत फुगे फोडायच्या ठेल्यावरही अशाच जातीच्या बंदुका असतात आणि वॉशर झिजून गेले तरी त्या वर्षानुवर्षे चालवल्या जातात.

अशी रायफल घरी दुरुस्त करायला भोपाळचे साकेत नगर सोयीचे आहे. जवळ एम्स, पलीकडे भेलची वसाहत आणि थोड्या अंतरावर गोविंदपुऱ्याची औद्योगिक वसाहत. स्प्रिंगच्या आतला मार्गदर्शक दांडा किंवा वॉशरचा साचा लेथवर फिरवून घ्यायचा तर मुंबईला पार्सल पाठवायची गरज पडत नाही. याच शहराच्या कडेला बिशनखेडी भागात मध्य प्रदेशची नेमबाजी अकादमी आहे आणि मार्च २०२३ मध्ये भोपाळला नेमबाजीचा विश्वचषक झाला. तिथल्या एअर रायफली दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालतात. त्यांत दट्ट्याचा धक्का नसतो, म्हणून १० मीटरवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी त्याच योग्य. पण त्या घरच्या टेबलावर उघडायच्या वस्तू नव्हेत. स्प्रिंगच्या रायफलीत मात्र प्रत्येक दोष डोळ्यांना दिसतो आणि हाताने दूर करता येतो. या कामाची खरी गोडी त्यातच आहे.

काम सुरू करण्याआधी मर्यादा माहीत हवी. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. ८ ग्रेनचा, म्हणजे साधारण ०.५२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने निघाला तर ऊर्जा १० जूलच्या थोडी वर जाते. २० जूल गाठायला तोच वेग २७८ मीटर लागेल. नीट जमलेली जुनी रायफल या रेषेच्या पुष्कळ अलीकडे राहते आणि तिने तिथेच राहावे. पक्ष्यांवर नेम धरणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कचाट्यात येते, हेही घरातल्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगावे.

रायफल उघडण्याची पहिली पायरी म्हणजे ती रिकामी आणि न चढवलेली, म्हणजे कॉक न केलेली, असल्याची खात्री. मग दस्त्याचे स्क्रू काढायचे. त्यासाठी पेचकसाचे पाते खाचेत चपखल बसेल इतके घासून घ्यावे, कारण सैल पात्याने ओरबाडलेला स्क्रू कितीही पॉलिश केला तरी लपत नाही. दस्ता वेगळा झाला की खरा धोका समोर येतो. आराम अवस्थेतही स्प्रिंग काही सेंटिमीटर दबलेलीच असते. अनेक रायफलींत मागचा ठोकळा फक्त आडव्या पिनांनी धरलेला असतो आणि पिन बाहेर येताच तो गोळीसारखा सुटू शकतो. म्हणून सुताराचा लांब क्लॅम्प लावून, ठोकळ्यावर लाकडाचा तुकडा ठेवून, आधी स्प्रिंगचा भार क्लॅम्पवर घ्यायचा, मग पिना काढायच्या आणि क्लॅम्प हळूहळू सैल करायचा. डोळ्यांना चष्मा, तोंड रायफलीच्या रेषेबाहेर. घाई करण्याजोगी या कामात एकही पायरी नाही आणि ही तर मुळीच नाही.

आतून जे बाहेर येते ते पाहण्यासारखे असते. काळपट, घट्ट झालेले ग्रीस, त्यात लोखंडाची बारीक भुकटी, सिलिंडरच्या भिंतीवर लांब उभे ओरखडे. भोपाळच्या पावसाळ्यात माळ्यावर पडून राहिलेल्या रायफलीत गंजाचे तांबूस ठिपकेही असतात. रॉकेलमध्ये भाग धुवून फडक्याने कोरडे केले की निदान सोपे होते.

सगळ्यात जास्त वेळ वॉशरला द्यावा. जुन्या रायफलीचा मूळ वॉशर चामड्याचा, वाटीच्या आकाराचा असतो आणि दट्ट्याच्या तोंडाशी मधल्या स्क्रूने आवळलेला असतो. तो कडक होऊन आकसला असेल, पण कड फाटली नसेल, तर चामडे मुरवायच्या तेलात रात्रभर ठेवल्यावर बहुधा जिवंत होतो. फाटला असेल तर नवा करावा लागतो. त्यासाठी मऊ, क्रोमने कमावलेले चामडे चालत नाही. वनस्पतींच्या रसात कमावलेले कडक चामडे लागते. कोल्हापुरी चपलेचे, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेले चामडे याच जातीचे. त्याची गोल चकती कापून पाण्यात भिजवायची, दोन भागांच्या साच्यात दाबून वाटी पाडायची, साच्यातच वाळू द्यायची आणि मग कड धारदार पात्याने सारखी करायची. वाळल्यावर तेल. तेल चामड्यात मुरले पाहिजे, पृष्ठभागावर तवंग राहता कामा नये.

वॉशर नीट बसला की नाही याची परीक्षा स्प्रिंगशिवाय होते. नुसता दट्ट्या सिलिंडरमध्ये घालून पुढे सरकवला तर तो अंगठ्याच्या जोराने, थोडा नाखुशीने जावा. मग पुढचे बारीक भोक बोटाने बंद करून दट्ट्या दाबायचा. सायकलच्या पंपाचे तोंड दाबल्यावर होते तसे झाले, म्हणजे दट्ट्या हवेच्या उशीवर अडून हात सोडताच मागे उसळला, तर वॉशर चांगला. हळूहळू ‘फुस्स’ करत खाली बसला तर हवा कडेने निसटते आहे. इतकी साधी आणि इतकी खरी परीक्षा दुसरी नाही.

स्प्रिंग काचेवर ठेवून गडगडवली की तिची पाठ वाकली आहे का ते कळते. सरळ असेल तर गडबड न करता लोळते, वाकडी असेल तर ठेचकाळते. दोन्ही टोके सपाट असावीत आणि कडा पॉलिशपेपरने गुळगुळीत केलेल्या असाव्यात, नाहीतर टोक दट्ट्याच्या तळाला खात राहते. नवी स्प्रिंग पहिल्यांदा दबल्यावर थोडी आखूड होते; तो दोष नाही. इथेच हौशी माणसाचा मोह सुरू होतो. जास्त लांब किंवा जाड तारेची स्प्रिंग घातली की वेग वाढेल, असे वाटते. प्रत्यक्षात कॉक करायला जोर जास्त लागतो, वेढे एकमेकांवर टेकून अडतात, धक्का दुप्पट जाणवतो आणि छरे पांगतात. रायफल ज्या स्प्रिंगसाठी आखली गेली तेवढीच ताकद तिला पुरते. चांगल्या जुळणीत वाया जाणारी हवा, घर्षण आणि कंप कमी केले जातात. वेग आपोआप थोडा सुधारतो.

कंपाचे मूळ बहुतेक वेळा सैलपणात असते. स्प्रिंग आणि तिच्या आतला दांडा यांत जागा जास्त असली की प्रत्येक बारानंतर ‘झण्ण’ असा आवाज हातभर घुमतो. दांडा प्लॅस्टिकचा, स्प्रिंगच्या आत जेमतेम सरकेल इतक्या मापाचा लेथवर करून घेतला आणि दट्ट्याच्या आत पातळ प्लॅस्टिकचे अस्तर गुंडाळले की तो आवाज दबून एक बसका ठोका उरतो.

वंगणात हात आखडता ठेवावा. दट्ट्याच्या पाठीला आणि घासणाऱ्या धातूंना मॉलिब्डेनमच्या ग्रीसचा पातळ थर, स्प्रिंगला चिकट दाट ग्रीस, आणि वॉशरच्या पुढे काहीही नाही. दाबाने तापलेल्या हवेत साधे तेल पेट घेते. थोडेसे ज्वलन प्रत्येक जोरदार रायफलीत होतच असते. ब्रिटनमधल्या कार्ड्यू पितापुत्रांनी रायफल नायट्रोजनमध्ये उडवून पाहिली तेव्हा वेग स्पष्टपणे घसरला, कारण जळायला प्राणवायू नव्हता. पण तेल जास्त झाले तर ज्वलनाचा स्फोट होतो, बॅरलमधून धूर आणि कडाडा येतो, आणि स्प्रिंग तुटायला असे थोडेच बार पुरतात. शिवणयंत्राचे तेल भोकात सोडण्याची जुनी सवय म्हणूनच घातक आहे.

सिलिंडरचे ओरखडे बारीक पॉलिशपेपर गोल दांड्याला गुंडाळून, तिरपे फिरवत हलके करतात. पूर्ण आरसा करायचा नसतो. बारीक तिरप्या रेषा वंगण धरून ठेवतात. बॅरल मोडते तिथला छोटा सील मात्र विसरला जातो आणि बरीच हवा तिथून निघून जाते. त्यावर टिश्यूपेपरची पट्टी आडवी ठेवून, छर्रा भरून रायफल सुरक्षित दिशेने उडवावी. पट्टी फडफडली तर सील बदलावा किंवा त्याखाली कागदी चकती देऊन तो किंचित वर उचलावा.

ट्रिगरला कानस लावू नये. खटक्याचे पृष्ठभाग फक्त ऑइलस्टोनवर चमकवावेत, त्यांचा कोन आणि पकड कमी करू नये. कॉक करताना किंवा छर्रा भरताना खटका निसटला तर बॅरल झटक्याने वर येते आणि मधली बोटे चिरडली जातात. म्हणून छर्रा भरून होईपर्यंत बॅरल दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवणे हीच सवय लावावी.

दस्त्यावरचे पोचे ओले फडके आणि गरम इस्त्री लावून बरेचसे वर येतात. लाकडाचे तंतू वाफेने फुगतात. मग बारीक पॉलिशपेपर, आणि जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर दिवसभर वाळवून. बॅरलचा निळसर काळा रंग जिथे शिल्लक आहे तिथे तसाच ठेवावा. सगळी घासून नव्यासारखी केलेली जुनी रायफल आपला इतिहास हरवते.

शेवटची तपासणी कागदावर होते. साकेत नगरच्या घरात १० मीटर सलग मिळणे कठीण. पुढच्या खोलीतून मागच्या भिंतीपर्यंत जेवढे अंतर मिळेल तेवढे पुरते. भिंतीसमोर पोलादी पत्र्याची, जुन्या कापडांनी गच्च भरलेली पेटी हवी आणि मध्ये कुणी येणार नाही याची खात्री. छऱ्याशिवाय रायफल कधीही उडवू नये, कारण हवेची उशी नसताना दट्ट्या सरळ पोलादावर आदळतो. स्प्रिंगची रायफल आवळून धरली तर दर वेळी वेगळी उडी मारते. उघड्या तळहातावर सैल ठेवली की छरे एकत्र पडू लागतात. पहिले पन्नासेक बार वॉशर बसण्यात जातात, त्यामुळे वेगाची नोंद त्यानंतर करावी. धक्क्याने दस्त्याचे स्क्रू सैल होतात, ते तेव्हाच पुन्हा आवळावेत. शिशाचे छरे हाताळलेले हात साबणाने धुवावेत, आणि रायफल न चढवता, तेलाच्या फडक्याने पुसून, ओल नसलेल्या कपाटात कुलपाआड ठेवावी.